लंगोट धुणाऱ्यालाही विचारा

संपादक महोदय,

बाळासाठी डायपर सोडून कापडी लंगोटांकडे वळण्याचा सल्ला देणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि लंगोट धुण्याचं खातं बाप म्हणून माझ्याकडे आहे, त्यामुळे राहवलं नाही.

कापड वापरलं की पर्यावरण वाचलं, एवढ्यावर लेख संपतो. ब्रिटनमध्ये सरकारी पातळीवर हा हिशेब मांडला गेला आहे. २००८च्या अहवालात एका बाळाच्या अडीच वर्षांच्या डायपरचा भार सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका निघाला, आणि कापडी लंगोटांचा सुमारे ५७०. म्हणजे कापड किंचित मागेच! पण मशीन पूर्ण भरून धुतलं, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा भार जवळपास २०० किलोंनी उतरतो. उलट ड्रायर आणि उकळतं पाणी वापरलं तर तो डायपरच्या कितीतरी पुढे जातो. २०२३च्या नव्या अहवालात कापड सुमारे पंचवीस टक्क्यांनी सरस ठरलं, पण तिथेही कापडाचा मोठा खर्च धुण्या-वाळवण्याच्या विजेतच आहे. लेखात धुण्याबद्दल एक ओळ नाही.

ती असती तर माझा महिना वाया गेला नसता. लंगोट मऊ राहावेत म्हणून मी हौसेने फॅब्रिक सॉफ्टनर घालत होतो. हळूहळू त्यांनी शू शोषणंच सोडलं, सगळी थेट अंथरुणात. सॉफ्टनरचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी आत शिरत नाही, हे नंतर कळलं. रॅशसाठी लावायच्या तेलकट मलमांचंही तेच.

रॅशचं खापर डायपरवर फोडणंही मला पटलं नाही. डायपरमधली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी शू ओढून घेऊन तिचं जेल करते, म्हणून त्वचा कोरडी राहते. ओला लंगोट मात्र अंगालाच चिकटलेला असतो. त्वचा बिघडते ती ओल, घर्षण आणि शीमधल्या एन्झाइममुळे. डायपरचा धोका वेगळा: वरून कोरडा दिसतो म्हणून आपण बदलायचा विसरतो. लंगोट तसं विसरू देत नाही, बाळ लगेच भोकाड पसरतं.

कचऱ्याबद्दल लेखकाशी वाद नाही. लगदा, प्लॅस्टिक आणि ते जेल एकत्र असलेली वस्तू वेगळी करणं सोपं नाही. पण डायपर टाकण्यापूर्वी त्यातली शी संडासात टाकायची असते, हे तरी सांगायचं!

नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. ते कोण धुणार, हा प्रश्न अशा लेखांत कधीच नसतो; बहुधा लिहिणारा आणि धुणारा वेगळे असतात. बाळंतपणातून उठलेल्या बाईच्या पुढ्यात ती बादली ठेवून पर्यावरण वाचवायचं असेल, तर माझा विरोध आहे. आमच्याकडे दिवसा कापड, रात्री एक डायपर. त्या एका डायपरमुळे तिघंही झोपतो.

पुरवणीत पुढच्या वेळी लंगोट कसे धुवावेत यावर अर्धं पान द्यावं, ही विनंती. लिहिणारा रोज धुणारा असावा.

आपला,
आठ महिन्यांच्या बाळाचा बाप