अ‍ॅक्सोलॉटलला किल्ला नको, आडोसा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत अ‍ॅक्सोलॉटल (म्हणजे कायम पाण्यातच राहणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी) पाळण्याबद्दल पानभर आलंय ते वाचलं. पाणी 16 ते 18 अंश हवं, 24 च्या वर गेलं की त्याची तब्येत बिघडते वगैरे बरोबरच लिहिलंय, पण लपायच्या जागेबद्दल एकच ओळ आणि ती पण काय तर सजावटीचं सामान आवडीनुसार ठेवा. कुणाच्या आवडीनुसार हो? वर फोटोत रंगीत खडे आणि बोटभर खिडक्यांचा रेझिनचा किल्ला!

या प्राण्याला पापण्या नसतात. वर लाइट लागला की डोळे मिटायची सोयच नाही, अंधारात जाऊन बसणं एवढंच त्याच्या हातात, म्हणजे आडोसा ही शोभेची वस्तू नाहीच. त्यात अंगावर खवले नाहीत, कातडी एकदम मऊ, आणि कल्ले डोक्याच्या बाहेर, दोन्ही बाजूंना तीन-तीन, तुऱ्यासारखे लोंबणारे, ते कशातही अडकतात. म्हणून कुठलीही वस्तू टाकीत घालायच्या आधी नायलॉनचा पातळ मोजा हातावर चढवून ती आतून बाहेरून चाचपायची, खास करून भोकांच्या कडा आणि साच्याची जोड असते ती रेघ, धागा अडकला की तिथं पॉलिशपेपर मारायचा आणि तरीही अडकत असेल तर ती वस्तू बाद. यावर काही जण म्हणतात की त्याचा पाय तुटला तरी परत उगवतो. उगवतो ना, म्हणून काय तुटू द्यायचा?

पूर्ण वाढलेला अ‍ॅक्सोलॉटल साधारण 23-25 सेंटिमीटरचा होतो, कधी त्याहून मोठा. त्याला आत शिरून वळता आलं पाहिजे किंवा मग दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता आलं पाहिजे. भोक एकतर सगळं अंग आरामात जाईल एवढं किंवा नाक पण घुसणार नाही एवढं बारीक, मधल्या मापाचं असलं की डोकं जातं आणि परत येत नाही, त्या किल्ल्याच्या खिडक्या नेमक्या तशाच दिसतायत. त्यापेक्षा चार इंची पीव्हीसी पाइपचा नवा तुकडा, कापलेल्या कडा घासून, दिसायला काही खास नाही पण काम चोख. टेराकोटाची कोरी कुंडी आडवी ठेवली तरी चालते, फक्त खत-माती घातलेली जुनी नको आणि फुटकी तर अजिबात नको. रंग दिलेलं, धातूचं काही नको, तांबं तर त्याला विषच. दगडांची गुहा करायची असेल तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, पाण्याचा पीएच आणि जडपणा वाढवत राहील. दगड सिलिकॉननं चिकटवणार असाल तर बुरशी रोखणारं सिलिकॉन घेऊ नका, आणि ते पूर्ण सुकल्याशिवाय पाणी भरू नका.

जड वस्तू वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवायची, नाहीतर खालची वाळू सरकते आणि ती वस्तू त्याच्या अंगावर कलंडते. फिल्टरची धार आडोशावर येता कामा नये. आतली घाण आणि उरलेलं खाणं रोज काढायचं कारण ते तिथंच कुजून अमोनिया वाढतो. दोन प्राणी असतील तर लपायला दोनहून जास्त जागा ठेवा, पिल्लं तर एकमेकांचे पाय कुरतडतात.

आणि फोटोतले ते खडे! हा प्राणी खाणं पाण्यासकट ओढून गिळतो, सोबत खडा गेला की पोटात अडकतो आणि जीवावर बेततं. पुढच्या अंकात निदान तो फोटो चुकीचा होता एवढं तरी छापा, लोक मजकूर कुठे वाचतात, फोटो बघूनच सामान आणतात.

आपली,
एक नियमित वाचक