खटारा आता कुठे न्यायचा?

अलिबाग, रविवार

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्राला उत्तर नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. माझे गुडघे तसेच, साखर आवाक्यात. पुढे.

परवा आपली जुनी मंडळी माझ्या ओटीवर जमली. विषय काय, तर जुन्या खटारा निशाणीच्या आपल्या पक्षाचं पुढे काय करायचं. दादूसचा नातू, तोच मोठ्या कानांचा, आता वकिली शिकतोय, मध्येच उठला. म्हणाला, "आजोबा, नाव शेतकरी कामगार पक्ष. इथे बसलेल्यांत शेतकरी किती, कामगार किती? हात वर करा." हात वर गेला तो एकट्या भाऊचा, तोही त्याला नीट ऐकू येत नाही म्हणून! बाकी बघितलं तर एक जण कंटेनर यार्डात पोरं पुरवतो, एकाचे डंपर, एक जमिनीचे व्यवहार जुळवतो. मी पेन्शनर. कोणीतरी चहा मागवला आणि विषय बदलला.

मला रात्रभर झोप नाही. बायको म्हणाली, पित्त असेल.

सुध्या, आपण हरलो म्हणून ही अवस्था झाली असं सगळे म्हणतात. मला उलटं वाटतं. जमीनदार खोतांविरुद्धचा चरीचा शेतकरी संप आठव. १९३३ पासून सहा वर्षं शेतं ओसाड ठेवली, नारायण नागू पाटलांच्या शब्दावर. तुझी आजी मोळ्या विकायची. पुढे कसेल त्याची जमीन झाली. मग १९८४, नवी मुंबईसाठी सिडको जमिनी घेत होतं तेव्हा दि. बा. पाटलांच्या लढ्यात झालेला जासई-नवघरचा गोळीबार. पाच माणसं गेली, पण गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत मिळाले. म्हणजे जिंकलोच की! त्या प्लॉटवर आता चाळी आहेत, खोल्यांत बिहारची, ओडिशाची पोरं दाटीवाटीनं राहतात, आणि भाडं आपली माणसं घेतात, पावती न देता. खोतांशी भांडता भांडता आपणच खोत झालो. या नव्या कुळांकडून मतं मागायला जायचं कुठल्या तोंडानं?

तू म्हणशील, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात गेलो तेव्हाच पक्ष संपला. नाही संपला! एन. डी. पाटील आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख, आपले आबा, मंत्री झाले म्हणून काही बिघडलं नाही, हे मी आजही म्हणतो. आणि पक्षाचा विचार मांडणारा दाभाडी प्रबंध तू पूर्ण वाचलेला नाहीस, हेही.

२०२४ चं तुला ठाऊकच आहे. जुलैत आपले सरचिटणीस जयंतभाई पाटील विधान परिषदेला पडले, नोव्हेंबरात अलिबाग पुन्हा गेलं. उरणला आपला प्रीतम म्हात्रे साडेसहा हजारांनी पडला आणि आघाडीतल्याच उद्धव ठाकऱ्यांच्या मशालीनं जवळपास सत्तर हजार घेतली. सांगोल्यातही मशाल समोर होतीच, तरी आबांचा नातू निघाला. २८८ मध्ये तो एकटा. त्यावर मंडळींचं औषध काय, तर पुढच्या वेळी जागावाटप लवकर करू. अरे, जागा मागायला तरी खाली माणूस लागतो ना? २०२१ ला नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून सिडकोवर केवढी गर्दी लोटली! भाजपवाल्यांसकट सगळे होते. दि. बा. सगळ्यांचे झाले, लाल बावटा तेवढा आपल्याकडे उरला.

माझं म्हणणं एवढंच की दहा वर्षं आमदारकीचा नाद सोडावा आणि यार्डातल्या कंत्राटी पोरांची युनियन बांधावी, मराठी येवो न येवो. त्यांचा पीएफ भरतात का, कुणी विचारत नाही. अडचण अशी की ठेकेदार आपलेच. पहिलं भांडण घरात होणार.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? नातीचं नाव काय ठेवलं ते कळव. पुण्यातला फ्लॅट विकू नकोस.

तर तो कानवाला पोरगा गुरुवारी उरणला यार्डाच्या गेटवर जाणार आहे, मला चला म्हणतो. तिथला ठेका दादूसच्या धाकट्याकडे, म्हणजे त्याच्या सख्ख्या काकाकडे. दादूसला आधी सांगायला हवं, आणि उरणच्या त्या सभेपासून तो माझ्याशी बोलत नाही. तुझं ऐकेल. बुधवारी रात्रीपर्यंत ये, जेवायला जिताडं आणतो.

तुझा,
बाळ्या