खर्चमर्यादेचे समर्थक उमेदवार आणि मतदारांची पारख

संपादक महोदय,

निवडणुकीतील पैशाच्या वापराला आळा बसला पाहिजे ही आपली जुनी भूमिका आहे, असे सांगणारे उमेदवार प्रत्येक निवडणुकीत भेटतात. त्यांतल्या काहींनी पूर्वी सभागृहात तशी भाषणे केलेली असतात, तर काहींनी खासगी विधेयके मांडलेली असतात. मतदार म्हणून या जुन्या भूमिकेला किती किंमत द्यावी, याचा मात्र आपल्याकडे फारसा विचार होत नाही. काही जण तेवढ्यावरून उमेदवाराला स्वच्छ ठरवतात. काही जण त्याच्या प्रचाराच्या गाड्यांकडे बोट दाखवून त्याला दुटप्पी ठरवतात आणि विषय संपवतात. मला हे दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. खर्चाला किंवा देणग्यांना मर्यादा घालण्याची मागणी करणे आपल्या राजकारणात कधीच अवघड नव्हते. त्या मर्यादेचा काच स्वतःच्या पक्षाला बसणार होता तेव्हा तो माणूस काय बोलला आणि कसा वागला, हे पाहिल्याशिवाय त्या मागणीचे मोल ठरवता येत नाही.

आपल्या इतिहासात याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६९ आणि १९७४ या दोन वर्षांत सापडते. त्याआधी १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कंपनीला राजकीय देणग्या देण्याची मुभा दिली होती, पण ती देतानाच अशा देणग्यांपासून लोकशाहीला असलेल्या धोक्याचा स्पष्ट इशाराही दिला होता. पुढे १९६० मध्ये या देणग्यांना मर्यादा आली आणि १९६९ मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने त्यांवर संपूर्ण बंदीच घातली. केवळ कायद्याचा मजकूर वाचणाऱ्याला हे पाऊल धाडसी वाटेल. परंतु १९६७ च्या निवडणुकीत उद्योगपतींचा पाठिंबा मिळवून ‘स्वतंत्र पक्ष’ या विरोधी पक्षाने लोकसभेत चांगले बळ कमावले होते, आणि बंदीचा पहिला फटका अशा विरोधी पक्षांना बसणार होता, हे लक्षात घेतले की त्या धाडसाचा अर्थ बदलतो. शिवाय निवडणुकीसाठी सरकारी निधीसारखी कोणतीही पर्यायी व्यवस्था न करता ही बंदी आल्यामुळे पैसा थांबला नाही. तो हिशेबाबाहेर गेला.

त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत खरी कसोटी आली. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये असा निर्णय दिला, की उमेदवाराच्या माहितीने आणि संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च हा त्या उमेदवाराचाच खर्च मानला पाहिजे. खर्चमर्यादेवर मनापासून विश्वास असलेल्या कोणत्याही सरकारने या निर्णयाचे स्वागत करायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला असे स्पष्टीकरण जोडण्यात आले, की पक्षाने किंवा हितचिंतकांनी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरू नये. ते पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आले. देणगीदार कंपन्यांसाठी कडक होणारे सरकार स्वतःच्या उमेदवारांवर वेळ येताच सैल झाले.

मी हे एका पक्षावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी १९७५ मध्ये निवडणूक सुधारणांचा अहवाल दिला. जयप्रकाशांच्या आंदोलनाच्या लाटेवर सत्तेत आलेल्या जनता पक्षाच्या काळातही कलम ७७ मधील ते स्पष्टीकरण जागचे हलले नाही. ते २००३ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात बदलले आणि पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरती सवलत मर्यादित झाली, हे मान्य करायला हवे. पण त्याच पक्षाच्या पुढच्या सरकारने २०१७ मध्ये, १९६९ ची बंदी उठल्यानंतर कंपन्यांच्या देणग्यांवर असलेली, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली आणि देणगीदाराचे नाव झाकणाऱ्या निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली. हे दोन्ही बदल सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. परदेशी देणग्यांबाबत काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी कायदा मोडल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. त्यावर २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून कायद्यातील ‘परदेशी स्रोता’ची व्याख्याच मागील तारखेपासून बदलण्यात आली आणि २०१८ ची दुरुस्ती लोकसभेत चर्चेविना मंजूर झाली. एरवी खर्चमर्यादेवर भाषणे देणारे किती सदस्य त्या दिवशी अस्वस्थ झाले, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या उमेदवारांना विचारण्यासारखा आहे.

आजच्या कायद्याप्रमाणे मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे, मात्र पक्षाच्या खर्चाला कोणतीही मर्यादा नाही. म्हणून ‘मी खर्चमर्यादेच्या बाजूचा आहे’ असे श्रीमंत पक्षाचा उमेदवार म्हणतो, तेव्हा तो कोणत्या मर्यादेच्या बाजूचा आहे, हे आधी विचारले पाहिजे. उमेदवारावरील मर्यादेने त्याचे काहीच अडत नाही. ती अडचण प्रामुख्याने अपक्षाची आणि लहान पक्षाच्या उमेदवाराची असते. पक्षाच्या तिजोरीवर मर्यादा मागणारा सत्ताधारी उमेदवार मला अधिक विश्वासार्ह वाटेल.

सभागृहातील नोंदी पाहून हे ठरवता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु तेथेही सावधपणे वाचावे लागते. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे कोण कोणत्या बाजूला होता याची नोंदच राहत नाही, आणि १९८५ पासून पक्षांतरबंदीमुळे पक्षादेश मोडणे म्हणजे सदस्यत्व पणाला लावणे झाले आहे. तरीही नोंदी अगदीच मुक्या नसतात. मार्च २०१७ मध्ये सीताराम येचुरी यांनी वित्त विधेयकावर सुचवलेली, कंपन्यांच्या देणग्यांना पुन्हा मर्यादा घालणारी दुरुस्ती राज्यसभेने मंजूर केली होती आणि लोकसभेने दुसऱ्याच दिवशी ती फेटाळली. त्या दोन दिवसांत आपला उमेदवार संसदेत असेल, तर त्याची जुनी भूमिका तपासण्यासाठी यापेक्षा चांगला प्रसंग नाही. मतदानात हात बांधलेले असले, तरी चर्चेत किंवा पक्षाच्या बैठकीत तोंड बांधलेले नसते.

आता दुटप्पीपणाच्या आरोपाविषयी. मर्यादा हवी असे मानणाऱ्याने आजच्या नियमांत बसणारा खर्चही करू नये, ही अपेक्षा मला अन्यायकारक वाटते, कारण प्रतिस्पर्धी थांबणार नसतात. अमेरिकेत २००२ च्या देणगीनियंत्रण कायद्याचे जॉन मॅकेन यांच्यासह जनक असलेले विस्कॉन्सिनचे सिनेटर रस फाइनगोल्ड यांनी १९९८ मध्ये प्रत्येक मतदारामागे एक डॉलर, म्हणजे सुमारे ३८ लाख डॉलर, अशी मर्यादा स्वतःवर घालून घेतली, आपल्या पक्षाचा अनियंत्रित पैसाही नाकारला आणि जेमतेम दोन टक्क्यांच्या फरकाने ते निवडून आले. २०१० मध्ये ते पराभूत झाले. २०१६ मध्ये पुन्हा उभे राहताना त्यांनी बहुतांश देणग्या स्वतःच्या राज्यातूनच घेण्याचे, १९९२ मध्ये गॅरेजच्या दारावर रंगवून दिलेले वचन सोडून दिले आणि विरोधकांनी त्यांना त्यावरून झोडपले. वचनभंगाची टीका रास्तच होती. पण १९९८ मध्ये त्यांनी जागा गमावण्याचा धोका पत्करला होता, हेही तितकेच खरे आहे, आणि एकदाही असा धोका न पत्करलेल्या प्रतिस्पर्ध्याशी तुलना करताना मी ते त्यांच्या पारड्यात टाकीन.

खर्च किती केला यापेक्षा हिशेब खरा दिला का, हे मी अधिक गंभीर मानतो. जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईत जाहीर कार्यक्रमात २००९ च्या निवडणुकीत आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले, तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती आणि त्यांनी दाखवलेला हिशेब त्याहूनही कमी होता. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस बजावली. त्या एका नेत्याच्या उघड बोलण्यापेक्षा न बोलणाऱ्या शेकडो उमेदवारांचे हिशेब मला अधिक अस्वस्थ करतात. निकालानंतर तीस दिवसांत द्यावा लागणारा हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात एक रुपया शुल्क भरून कोणीही पाहू शकतो. खर्चमर्यादेची बाजू घेणाऱ्या उमेदवाराचा मागील निवडणुकीचा हिशेब वाचून त्याच्या सभांचे मंडप, वाहने आणि जाहिराती त्यात आल्या आहेत का, हे मतदारसंघात राहणाऱ्या माणसाला सहज समजते.

आपल्या वृत्तपत्रात उमेदवारांच्या मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे तक्ते नियमित येतात. त्यांच्या शेजारीच विद्यमान आणि माजी सदस्यांनी २०१७ व २०१८ च्या दुरुस्त्यांच्या वेळी घेतलेली भूमिका, पक्षाच्या खर्चावर मर्यादा असावी का या प्रश्नाला त्यांनी दिलेले लेखी उत्तर आणि त्यांच्या मागील हिशेबातील एकूण रक्कम छापावी, अशी माझी आपणास विनंती आहे. जे उत्तर देणार नाहीत, त्यांच्या नावापुढची जागा तशीच रिकामी ठेवावी.

आपला,
एक मतदार, सातारा