माझ्या म्हातारीला चालायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र पंचवटीत तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. पण तुम्ही ते न वाचताच घडी घालून ठेवलं असतंत आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या आमच्या प्रयोगाला तुम्ही रंगभूषेचे पैसे घेतलेत, तेही ठरल्यापेक्षा कमी. भूमिका उभी करून दिलीत, त्याचा मात्र विषयही काढू दिला नाहीत. नाशिकमध्ये हौशी नाटक करणाऱ्या प्रत्येकाला हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या प्रवेशात उंबरठा ओलांडणारी नवी सून, शेवटच्या प्रवेशात सत्तरी गाठलेली आजी. मधे ब्लॅकआऊट, आणि विंगेत लुगडं नि विग बदलायला जेमतेम दोन मिनिटं. मी तुमच्याकडे सुरकुत्यांविषयी विचारायला आले होते. तुम्ही पेटी उघडलीच नाहीत. म्हणालात, "सुरकुत्या पाचव्या रांगेपर्यंत दिसतात. पुढे काय करशील?" आणि टीव्हीवर 'गांधी' लावलात.

रिचर्ड अॅटनबरोंचा १९८२चा हा चित्रपट मी शाळेत असताना तुकड्यातुकड्यांत पाहिला होता. तुमच्याकडे तो पुन्हा पाहिला तेव्हा तुम्ही आवाज बंद केलात. तीन तास अकरा मिनिटांचा चित्रपट, त्यातलं बरंचसं मुक्याने. बोलणं ऐकू येत नसलं की नटाचं शरीर काय काय करतं ते दिसायला लागतं. बेन किंग्जली चित्रीकरणाच्या वेळी सदतिशीच्या आसपास होते. त्यांना १८९३च्या गाडीतून खाली उतरवलेल्या तेवीस वर्षांच्या बॅरिस्टरपासून १९४८च्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत जायचं होतं. त्या भूमिकेसाठी त्यांनी वजन उतरवलं, योगासनं केली, चरख्यावर सूत काढायला शिकले. टॉम स्मिथ यांच्या रंगभूषेला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, हे तुम्ही किती आदराने सांगितलंत! आणि लगेच म्हणालात, "आता तोंडाकडे बघू नकोस, पायांकडे बघ."

तरुण बॅरिस्टर कोट-टायमध्ये जरा अवघडून उभा असतो. भारतात परतल्यावर वर्षं उलटतात, अंगावरचे कपडे कमी होत जातात आणि चाल मोकळी होत जाते. दांडीच्या वाटेवरचा साठीचा माणूस असा झपझप चालतो की बरोबरच्यांनाही पाय उचलावे लागतात. वय वाढतं तशी माणसाची लगबग कमी होते, असं मी तोवर धरून चालले होते. इथे नटाने वेग तसाच ठेवला होता. कमी केल्या होत्या त्या इकडच्या-तिकडच्या हालचाली. मान उगाच वळत नाही, हात विनाकारण उठत नाही. जीनांच्या घरी नोकराच्या हातातला चहाचा ट्रे स्वतः घेऊन ते सगळ्यांना चहा देतात, तो प्रसंग तुम्ही मला पुन्हा पुन्हा दाखवलात. एवढ्या मोठ्या राजकीय बैठकीत तो माणूस मनापासून चहा देण्यात गुंतलेला असतो.

दक्षिण आफ्रिकेतला परवाने जाळण्याचा प्रसंग मात्र तुम्ही आवाजासकट लावलात. पोलीस अधिकारी मारतो, गांधी खाली पडतात, आणि तरीही हात पुढचा परवाना उचलून जाळाकडे नेतो. हात थरथरतो आहे. ती थरथर तरुण गांधींच्या हाताला आहे, आणि ती माराने आलेली आहे. म्हातारपणाच्या प्रवेशांत मला तरी ती कुठे ठळक दिसली नाही. आपल्याकडे म्हातारं व्हायचं म्हटलं की हात नि आवाज आधी कापायला लागतात. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत मी कापरा आवाज सोडला तो कायमचाच.

कलकत्त्याच्या उपोषणात खाटेवर पडलेले गांधी आणि समोर ओम पुरी. मुलाचा जीव घेऊन आलेला, स्वतःवरच उसळलेला तो माणूस. किंग्जलींकडे तिथे फक्त डोळे आणि खोल गेलेला आवाज आहे. एवढ्यावर त्यांनी ओम पुरींच्या त्या सगळ्या आगीला तोलून धरलं आहे. त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं ते याच भूमिकेसाठी, आणि माझ्या मते एवढा एक प्रसंगही त्याला पुरेसा होता.

मला सर्वांत जास्त दिलं ते रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांनी. संडास साफ करण्यावरून आश्रमात झालेलं भांडण: नवरा दंडाला धरून बायकोला बाहेर काढायला निघतो, आणि मग स्वतःच्याच कृत्याने शरमतो. किंग्जलींनी तिथे गांधींना जराही वाचवलेलं नाही, आणि रोहिणीताई एक पाऊलही मागे सरत नाहीत. त्यांना या भूमिकेसाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्यांना जॉन मोलो यांच्यासह वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं ते पहिलं. गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. लागू आहेत. एवढी आपली माणसं त्यात असताना मी तो चित्रपट परक्यासारखा पाहत आले होते.

भांडणाचा तो प्रसंग संपल्यावर तुम्ही विचारलंत, "तुझी सून चिडली की काय करते?" मी म्हटलं, पदर खोचते. "मग आजीनेही तस्साच खोचायचा. तेवढाच जोर, फक्त आधी एक श्वास घ्यायचा." काका, माझी सगळी भूमिका त्या एका श्वासावर उभी राहिली. प्रयोगानंतर मावशी आत आली आणि म्हणाली, "आमची आई अशीच खोचायची गं." विगबद्दल ती काही बोलली नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळे लक्षात आली. चित्रपट सुरू होतो तोच प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्यापासून, आणि शेवटी पुन्हा तिथेच येतो. पहिल्यांदा तो एक थोर म्हातारा असतो. शेवटी तेच चालणं पाहताना गाडीतला बॅरिस्टर, परवाने जाळणारा हात, बायकोपुढे शरमलेला नवरा, सगळे त्यात दिसतात. म्हणूनच तुम्ही मला शेवटचा प्रवेश सर्वांत आधी बसवायला लावलात. आमच्या दिग्दर्शकांना ते सुरुवातीला पटलं नव्हतं. आता पुढच्या नाटकातही तसंच करायचं ते म्हणताहेत.

पुढच्या नाटकाचं वाचन सुरू झालं आहे. त्यात कॉलेजातल्या दोन मुली आहेत, आणि एकीच्या वाट्याला विधवा आत्या आली आहे. तिने कालच मला विचारलं, सुरकुत्या कशा काढायच्या. येत्या रविवारी दुपारी दोघींना घेऊन आले तर चालेल का? काकूंना सांगा, चहा आम्ही करू. आणि या वेळी मानधन ठरवल्याशिवाय आम्ही टीव्ही लावू देणार नाही.

आपली विनम्र,
तुमच्या पंचवटीच्या घरी 'गांधी' पाहिलेली एक हौशी नटी