गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या दाव्यातील चुकीच्या कपातीबाबत तक्रार

प्रति,
मा. दावा विभाग प्रमुख,
आरोग्य विमा कंपनी.

विषय : सांधेरोपण शस्त्रक्रियेच्या कॅशलेस दाव्यातील कपातीची फेरतपासणी होणेबाबत.

महोदय,

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्यावर नुकतीच सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली. तिचा दावा आपण अंशतः मंजूर केला असून कपातीचे कारण म्हणून मंजुरीपत्रात ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ एवढेच शब्द आहेत. कोणती अट, कोणत्या रकमेवर आणि किती टक्क्यांनी लावली, याचा त्यात उल्लेख नाही. डिस्चार्जच्या दिवशी आईला व्हीलचेअरवर बसवून मी बिलिंगच्या खिडकीपाशी हे पत्र वाचले आणि उरलेली रक्कम तिथेच भरली, कारण ती भरल्याशिवाय तिला घरी नेता येत नव्हते.

त्यानंतर रुग्णालयाचे तपशीलवार बिल आणि पॉलिसीची पूर्ण प्रत शेजारी ठेवून मी ओळ न् ओळ तपासली. हातमोजे, नोंदणी शुल्क अशा देय नसलेल्या बाबी आपण वगळल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही घेतलेल्या खोलीचे भाडे मर्यादेपेक्षा जास्त होते, हेही मला मान्य आहे. ती मर्यादा प्रत्यक्ष भाड्याच्या 75 टक्के भरते, त्यामुळे खोलीभाडे, सर्जन व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क आणि ऑपरेशन थिएटरचा आकार, म्हणजेच खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारा खर्च, यांत 25 टक्के कपात होणे अटींना धरूनच आहे. मात्र आपण हीच कपात कृत्रिम सांधा, औषधे आणि तपासण्या यांनाही लावली आहे, आणि पॉलिसीतील ‘संलग्न वैद्यकीय खर्च’ (म्हणजे ज्यावर ही कपात लागू होते तो खर्च) या व्याख्येतून नेमक्या याच तीन बाबी वगळलेल्या आहेत. आईच्या केसपेपरवर त्या सांध्याचे स्टिकर चिकटवलेले आहे. त्यावर त्याचा आकार आणि क्रमांक छापलेला आहे. ती जनरल वॉर्डात असती तरी तोच सांधा त्याच किमतीला बसवला गेला असता.

दुसरी चूक को-पेची, म्हणजे दाव्यातील आम्ही स्वतः भरायच्या हिश्श्याची आहे. 10 टक्के को-पे हा वरील कपात झाल्यानंतर उरलेल्या देय रकमेवर लावायचा असतो, असे पॉलिसीत लिहिले आहे. आपण तो कपातीपूर्वीच्या संपूर्ण रकमेवर लावला आहे. देय नसलेल्या बाबी वजा करून उरलेले बिल 100 धरल्यास त्यातील 45 भाग सांधा, औषधे व तपासण्यांचे आहेत. उरलेल्या 55 मधून 25 टक्के, म्हणजे 13.75 वजा जाऊन 86.25 उरतात, आणि त्यावर को-पे धरून 77.6 भाग देय होतात. आपण 25 आणि 10 असे दोन्ही आकडे 100 मधूनच वजा करून 65 भाग दिले आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वी आम्हाला किती रक्कम भरावी लागेल, असे मी आपल्या हेल्पलाइनवर दोनदा विचारले होते. ‘फायनल बिल आल्यावर कळेल,’ असे उत्तर मिळाले. खोलीच्या मर्यादेचा परिणाम सर्जनच्या शुल्कावरही होतो, एवढे जरी तेव्हा कोणी सांगितले असते तरी आम्ही मर्यादेतलीच खोली घेतली असती.

तरी प्रत्येक कपातीपुढे पॉलिसीतील कलम क्रमांक आणि हिशेब लिहून सुधारित मंजुरीपत्र द्यावे, तसेच फरकाची रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, ही विनंती. लेखी उत्तर न मिळाल्यास हीच कागदपत्रे मी आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे सादर करीन.

आपला विश्वासू,
पॉलिसीधारक

सोबत : तपशीलवार बिल, डिस्चार्ज कार्ड, सांध्याच्या स्टिकरची व मंजुरीपत्राची प्रत.