पर्यटनमंत्र्यांस खुले पत्र : आठ वाजल्यानंतर आमच्या मुलांनी कुठे जेवायचे?

माननीय पर्यटनमंत्री, गोवा राज्य,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. जन्मभर त्यांनी प्राथमिक शाळेत मराठी शिकवले. समुद्रासमोर बसून इसवणाची कापे खावीत, एवढीच त्यांची इच्छा. बार्देशातल्या एका किनाऱ्यावर टेबल चार दिवस आधी सांगून ठेवले. सोबत सहा वर्षांची मुलगी आहे, हेही फोनवर सांगितले. माझी ड्युटी संपवून फोंड्याहून निघालो, पर्वरीला पाऊण तास अडकलो, पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते.

दारावरच्या माणसाने मुलीकडे बोट दाखवले. "आठ बजे के बाद बच्चे अलाउड नहीं." मी फोनची आठवण दिली, मॅनेजरला बोलावले. त्याने आतली पाटी दाखवली, जी आत गेल्याशिवाय दिसतच नाही. सासऱ्यांनी काठी उचलली. "चल गो, घरी जाऊन पेज जेवू." गाडीत मुलीने विचारले, "माझ्यामुळे आजोबांचा वाढदिवस मोडला का?" मंत्रिमहोदय, त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही. नवा फ्रॉक तिने पुन्हा घातलेला नाही.

दुसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयात फोन केला. "खासगी जागा, मालकाची मर्जी," असे सांगून लेखी कळवतो म्हणाले. अजून एक ओळ आलेली नाही.

मालकाच्या मर्जीलाही मर्यादा असते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही उपाहारगृहात अडवता येत नाही, हे संविधानाच्या कलम 15 मध्ये लिहिले आहे. त्या यादीत वय नाही, आणि त्याच फटीतून माझी मुलगी बाहेर काढली गेली. याच गोव्याने 2003 साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, पणजीत बाल न्यायालय उभे केले. मग मुलांना जेवणाच्या टेबलावरून उठवले जाते तेव्हा सरकार गप्प का?

कॅसिनोत 21 वर्षांखाली प्रवेश नाही, ते योग्यच आहे. दारूच्या काउंटरपाशी मुले नकोत, हेही मला मान्य. पण गोव्यात जिथे जेवण मिळते तिथे बहुतेक ठिकाणी 'बार अँड रेस्टॉरंट' हीच पाटी असते. त्याच पाटीखालच्या फॅमिली रूममध्ये वडिलांशेजारी बसून, लिंबूसोडा पीत आमची पिढी वाढली. आमची मुले जत्रेतले नाटक बघता बघता पहाटे मांडीवर झोपतात, कुणी त्यांना उठवून बाहेर काढत नाही. मूल रडले, धावले तर आईबापांना जरूर सांगा. पण न रडलेल्या मुलाला दारातूनच परत पाठवणे हा अपमान आहे.

आणि आवाजाचेच म्हणाल तर माझी बहीण वागातोरला राहते. तिचा मुलगा दहावीला आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावू नयेत, हा नियम 2000 सालचा. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. तिच्या खिडकीच्या काचा एक वाजता थरथरतात. त्या भागातल्या आवाजाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी शनिवार आला की तेच. मुलाचा आवाज पर्यटकाच्या ताटापर्यंत गेलेला चालत नाही, पर्यटकाचा आवाज मुलाच्या उशीपर्यंत आलेला चालतो! डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या क्लबात आग लागून 25 माणसांचा जीव गेला, तेव्हा कुठे परवान्यांचे कागद उघडले गेले. पैसेवाल्या दारांशी तुमचे सरकार हळू बोलते, हे मला आता पटले आहे.

तुमचे खाते 'एकादश तीर्थ' म्हणत देवळांकडे कुटुंबांना बोलावते. ती कुटुंबे रात्री जेवणार कुठे?

मुलांना मनाई असेल तर ती टेबल घेतानाच सांगायची आणि रस्त्यावरून दिसेल अशी लिहायची, असा आदेश काढा. जेवणाचा भाग बारपासून वेगळा असेल तिथे सरसकट बंदी नको. त्यासाठी नवीन महामंडळ लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

पुढच्या वर्षी सासऱ्यांचा शहात्तरावा वाढदिवस येईल. नातीला सोडून ते कुठेही जेवायला जाणार नाहीत, असे त्यांनी सांगितले आहे.

आपली,
फोंड्याची एक आई