३००डीला हाताचा गिअरबॉक्स बसवताना

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. १९८३ची मर्सिडीज ३००डी टर्बो घेतलीस, तिचा ऑटोमॅटिक काढून हाताचा गिअरबॉक्स बसवायचा आणि वर ताकदही वाढवायची, हे वाचून फार बरं वाटलं. गाडी उत्तम निवडलीस. तिचं ओएम६१७ इंजिन म्हणजे आकुर्डीच्या बजाज टेम्पोने परवान्यावर बनवलेल्या, ट्रॅक्समधल्या ओएम६१६चं पाच सिलिंडरचं भावंड. बोअर आणि स्ट्रोक तेच, ९०.९ आणि ९२.४ मिमी. पण तुझ्या टर्बो इंजिनात पिस्टनला खालून तेलाचे फवारे आहेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले आहेत. म्हणून मापात वाढवलेली ताकद ते सोसतं.

आधी आहे ती ताकद पुरी मिळते का ते बघ. गाडी नवी असताना १२०-१२५ अश्वशक्ती आणि सुमारे २५० न्यूटन-मीटर टॉर्क देत होती. चाळीस वर्षांत त्यातली बरीच वाटेत अडकलेली असते. इंजिन थंड असताना टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट लाव: इनलेट ०.१०, एक्झॉस्ट ०.३५ मिमी. दोन्ही डिझेल फिल्टर बदल. टायमिंग चेन किती ताणली आहे ते मोज आणि डिझेल पंपाचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या क्षणाच्या) आधी २४ अंशांवर आहे याची खात्री कर, कारण चेन ताणली की टायमिंग आपोआप मागे जातं. मग इनटेक मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवरचा) तो लहानसा पोकळ बॅन्जो बोल्ट काढ. टर्बोचा दाब तिथून बारीक नळीने पंपाच्या डोक्यावरच्या एएलडीए नावाच्या डबीला कळतो आणि ती डबी त्या मानाने डिझेल वाढवते. ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी साचून बोल्टचं भोक बुजलं की टर्बो हवा देत राहतो, पण पंपाला त्याचा पत्ताच नसतो आणि गाडी बैलगाडीसारखी चालते. तारेने भोक मोकळं कर, नळीतून फुंकर मारून बघ. ईजीआर व्हॉल्व्ह मात्र काढू नकोस, फक्त साफ कर. तू राहतोस तिकडच्या कायद्यात तो काढणं बसत नाही.

आता गिअरबॉक्स. सुटे भाग गोळा करत बसण्यापेक्षा हाताच्या गिअरची एखादी भंगारातली चार सिलिंडरची मर्सिडीज २४०डी अख्खी मिळाली तर घे. दोन्ही इंजिनांची मागची बाजू सारखीच असल्यामुळे बेल हाउसिंग (बॉक्सचं इंजिनाला जोडणारं घंटेच्या आकाराचं तोंड) थेट बसतं. त्या गाडीतून बॉक्स, फ्लायव्हील, पेडलांचा पूर्ण संच, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, त्यांची नळी, गिअर लिव्हर आणि त्याचे तिन्ही रॉड, मागचा माउंट आणि क्रॉसमेंबर, प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा अर्धा भाग एवढं उतरवून घे. शाफ्टची लांबी दोन्ही गाड्यांवर मोजल्याशिवाय काही कापू नकोस. रॉडच्या टोकांचे प्लॅस्टिक बुश आणि शाफ्टच्या रबरी फ्लेक्स डिस्क नव्याच घाल. जुने बुश ठेवलेस तर गिअर सापडणार नाहीत आणि दोष बॉक्सचा आहे असं वाटत राहील.

खरी मेख फ्लायव्हीलची आहे. तुझ्या इंजिनाचा क्रँक आणि ऑटोमॅटिकची फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागी असलेली पातळ चकती) यांचा तोल एकत्र साधलेला असतो. २४०डीचं फ्लायव्हील चार सिलिंडरच्या क्रँकशी जुळवलेलं. ते तसंच लावलंस तर गाडी चालेल, पण कंप पावेल, आणि तो कंप क्रँकच्या बेअरिंगांवर जाईल. त्यासाठी फ्लेक्सप्लेट काढण्याआधी तिची क्रँकवरची जागा खुणेने पक्की कर. मग फ्लेक्सप्लेट आणि फ्लायव्हील दोन्ही चांगल्या बॅलन्सिंग शॉपला दे आणि स्पष्ट सांग, की फ्लायव्हीलचा असमतोल फ्लेक्सप्लेटइतकाच आणि त्याच कोनात हवा. नुसतं 'बॅलन्स करून द्या' म्हटलंस तर ते फ्लायव्हील शून्यावर आणतील आणि सगळं मुसळ केरात. बोल्ट ताणले जाणारे असतात, म्हणून नवे घे. आधी ३५ न्यूटन-मीटर, मग ९० अंश. क्रँकच्या टोकात पायलट बेअरिंग बसवायला विसरू नकोस. ऑटोमॅटिकला ते नसतं.

क्लचबद्दल एक हिशेब ध्यानात घे. २४०डीचं इंजिन जेमतेम १३५ न्यूटन-मीटर देतं, तिचा २१५ मिमीचा क्लच तेवढ्यासाठीच. तुझं इंजिन आजच जवळपास दुप्पट देतं. तो क्लच नवा असताना धरेल, पण ताकद वाढवलीस की चौथ्या गिअरमध्ये चढावर घसरायला लागेल. म्हणून फ्लायव्हीलवर मोठा, २२८ मिमीचा क्लच बसवता येईल का ते बॅलन्सिंगच्या आधीच शॉपला विचार. नाहीतर निदान कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट घे.

क्लचच्या तेलात अडकलेली हवा वरून पेडल मारून निघत नाही, त्यात लोक दिवसच्या दिवस घालवतात. खालून वर काढ. पुढच्या उजव्या ब्रेक कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लाव, ब्रेक पेडल दाबून नळी तेलाने तोंडापर्यंत भर, मग दुसरं टोक स्लेव्ह सिलिंडरच्या निपलवर चढव. दोन्ही निपल सैल कर, सोबत्याला ब्रेक हळू दाबायला सांग, पेडल सोडण्याआधी कॅलिपरचं निपल बंद कर. तेल खालून चढतं आणि बुडबुडे ब्रेकच्या टाकीत येतात. टाकी उतू जाऊ देऊ नकोस आणि रिकामीही होऊ देऊ नकोस. क्लचची नळी जोडायची तोटी तुझ्या टाकीला नसेल, तर २४०डीचीच टाकी घे.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी: ऑटोमॅटिकच्या व्हॅक्यूम नळ्या बंद कर, मात्र ब्रेक बूस्टर आणि इंजिन बंद करणारी नळी तशीच ठेव. न्यूट्रल स्विचच्या तारा नुसत्या जोडल्यास तर गाडी गिअरमध्येही स्टार्ट होईल, म्हणून तिथे क्लच पेडलचा स्विच घाल. क्रूझ कंट्रोललाही असाच स्विच लाव, नाहीतर क्लच दाबताच इंजिन किंचाळेल. बॉक्समध्ये जाड गिअर ऑइल नाही, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) घाल. थंडीत जाड तेलाने सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) अडतात. प्लगना १४ मिमीची अ‍ॅलन की लागते. भरायचा प्लग आधी सुटतो का बघ, मगच खालचा काढ. स्पीडोमीटर तुझाच ठेव आणि जीपीएसशी ताडून बघ.

मागच्या चाकांमधला डिफरन्शिअल बदलू नकोस. तुझं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) बहुधा ३.०७ असेल, २४०डीचं ३.६९. चार गिअरच्या बॉक्सने ताशी १०० किमीला ३.०७ वर इंजिन साधारण २,७०० फेऱ्यांवर फिरेल, ३.६९ वर ३,२००च्या वर. पहिला गिअर ३.९० असल्याने ३.०७ वर सुटताना क्लच थोडा जास्त वापरावा लागेल, तेवढं चालतं. पाच गिअरचा बॉक्स मिळाला आणि पाचवा ०.८१चा असला, तर हायवेवर २,२०० फेऱ्या. माझ्या मते जादा पैसे तिथे घाल.

ताकद वाढवताना क्रम एकच: आधी हवा, मग डिझेल. हवेविना डिझेल दिलंस तर काळा धूर आणि तापलेले पिस्टन एवढंच पदरात पडतं. त्याहीआधी एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर बसव. त्याचा प्रोब टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये हवा, आणि भोक मॅनिफोल्ड उतरवूनच पाड. लोखंडाचा कीस टर्बोच्या पात्यांत गेला तर टर्बो गेलाच. चढावर सलग ७००° सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नकोस.

टर्बोचा मूळ दाब सुमारे ०.७५ बार असतो. वेस्टगेट (जादा दाब सोडणारी झडप) जुळवून १ बारपर्यंत नेता येतो, पण इंटरकूलरसहच (टर्बोतली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीसहच). बाहेर ३०° असताना १ बारला टर्बोतून हवा १३० अंशांच्या आसपास तापून निघते. ती ६० अंशांवर आणलीस तर त्याच दाबाला साधारण पाचवा हिस्सा जास्त हवा सिलिंडरमध्ये जाते. अडचण जागेची आहे: टर्बो आणि इनटेक दोन्ही उजव्याच बाजूला, त्यामुळे पाइप रेडिएटरसमोर नेऊन परत आणावे लागतात.

मग एएलडीएचा स्क्रू. टोपी काढ, लॉकनट सैल कर, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा. रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर आणि तापमान बघ, मगच पुढचा पाव फेरा. दाब भरल्यावरही धूर राहिला तर मागे ये. तुझ्या एमडब्ल्यू जातीच्या डिझेल पंपाचे प्लंजर (डिझेल ढकलणारे दट्टे) ५.५ मिमीचे आहेत. स्क्रूने जे मिळतं ते १५० अश्वशक्तीच्या आसपास संपतं. त्यापुढे मोठ्या प्लंजरचा पंप लागतो, आणि मग क्लच, बॉक्स, टर्बो सगळंच पुन्हा करावं लागतं. तू त्या वाटेला जाऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

या आठवड्यात एक काम कर. एक मागचं चाक उचल, दुसरं जमिनीवर असू दे, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज. तीनच्या किंचित वर आले तर ३.०७. तो आकडा, इंजिन नंबर आणि पाच सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मला कळव. त्यांच्यात ३ बारपेक्षा जास्त फरक निघाला तर गिअरबॉक्सची खरेदी तूर्त थांबव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद